चौदा आकडे

त्या मुलीच्या डाव्या बाहीला काळं कापड होतं. काडेपेटीएवढं, चौकोनी, सेफ्टी पिनेने लावलेलं. ह्वी सुआन ग्रंथालयाच्या काउंटरवर परत आलेली मुलांची पुस्तकं एकेक करून यंत्रावरून सरकवत होती. तिचा हात डायनासोरच्या पुस्तकावर तसाच थांबला. पपांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. तिने स्वतःचं कापड दहनाच्याच दिवशी काढलं होतं. तिथे बाहेर पत्र्याचा डबा ठेवलेला होता आणि अंत्यविधीच्या कंपनीचा माणूस घाम पुसत म्हणाला होता, "एकोणपन्नास दिवस आता कोण लावून फिरतं, मॅडम? ऑफिसं असतात. यात टाका, सगळं एकदमच जाळून टाकतो." आईने टाकलं, मग तिने टाकलं. टाकताना दंड हलका झाल्यासारखा वाटला होता आणि ते वाटणं तिने घाईघाईने मनात कुठेतरी खाली दाबून टाकलं होतं. काळं अपत्यांचं, निळं नातवंडांचं. डावी बाही म्हणजे गेलेला माणूस पुरुष. इथे सिंगापुरात रस्त्यावरच्या कुणालाही हे कळतं. म्हणजे तेवीस दिवस ही मुलगी बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये हे कापड लावून उभी राहत होती आणि माणसं जरा सरकून तिला वाट देत होती, बिचारीचा बाप गेला म्हणून.

"अमा, जेवलात का?" मुलगी म्हणाली.

अमा म्हणजे ब्रह्मी भाषेत ताई. नंदार मंडालेची; पपांची शेवटची विद्यार्थिनी, पाच वर्षं त्यांच्या प्रयोगशाळेत. पपांना ती साया म्हणायची, म्हणजे गुरुजी, आणि गुरुजींची मुलगी म्हणून ह्वी सुआनला अमा. पपा होते तोवर या शब्दात खुपण्यासारखं काही नव्हतं.

"जेवले. बोल."

"सायांची वही हवी होती. हिरवी, शेवटची. तुमच्या घरी गेलीय त्यांच्या सामानाबरोबर." नंदार आवाज खाली ठेवून बोलत होती, ग्रंथालय म्हणून नव्हे, ती तशीच बोलायची. "तीन आठवडे प्रयोगशाळा बंद होती ना. सुरक्षेची माणसं आली आणि त्यांनी सगळे नॉब शून्यावर नेऊन ठेवले. आता दुसऱ्या सरांच्या सहीवर परत चालू केलंय, पण अणूंचा ढग बसतच नाही. सायांनी नॉबांचे आकडे फक्त वहीत लिहिलेले. मला एकच मोजणी राहिलीय, अमा. तेवढी झाली की प्रबंध पुरा. सप्टेंबरअखेर माझा इथे राहण्याचा पास संपतो."

पास संपला की मंडालेला जावं लागणार आणि मंडालेला आत्ता, लढाई चालू असताना, कुणी आपण होऊन जात नाही, हे ह्वी सुआनला माहीत होतं. तिने डायनासोरचं पुस्तक यंत्रावर ठेवलं. यंत्र टुंकन वाजलं.

"वही घरातून बाहेर जाणार नाही."

"फोटो पाठवलात तरी..."

"फोटो नको. काय हवंय ते सांग, मी फोनवर वाचून दाखवीन."

"नऊ एप्रिलचं पान. चौदा आकडे आहेत." नंदारने एक चिठ्ठी पुढे केली, उजव्या हाताने, डावा हात उजव्या कोपराला लावून, देवाला काही वाहावं तशी. ती नेहमीच असं द्यायची. पपांना कॉफीचा कप देतानाही.

कॉफीच. इमारतीच्या तळमजल्यावरच्या उघड्या जागेत पपांच्या अंत्यदर्शनाचा पाच दिवस मांडव होता, वर पंखे, खाली गोल टेबलं, टेबलांवर शेंगदाणे आणि कलिंगडाच्या बिया. पाचही दिवस नंदार सकाळी यायची आणि कोपऱ्यात बसून गेलेल्या माणसासाठी जाळायच्या सोनेरी कागदाच्या होड्या दुमडायची. पहिल्या दिवशी आल्या आल्या ती शवपेटीसमोर गुडघ्यांवर बसली आणि तीनदा सिमेंटला कपाळ टेकवलं. ते पाहून थोरली आत्या ह्वी सुआनच्या कानाशी आली होती. "काय ग, माझा भाऊ बून कियात मला कधी बोलला नाही, आणखी एक मुलगी आहे ते!" "आत्या, शेंगदाणे खा," ह्वी सुआन म्हणाली होती. आत्याने खाल्ले, पण खाता खाता मोजून बघत होती, नंदारचं नाक बघत होती, कपाळ बघत होती. दुसऱ्या दिवशी नंदारने पपांच्या फोटोपुढे कॉफी ठेवली. काळी, बिनसाखरेची. ह्वी सुआनने ती उचलून बाजूला केली आणि घट्ट दुधाची गोड कॉफी आणून ठेवली, कारण पपा घरी तीच प्यायचे, वर पुन्हा साखर घालून. नंदारच्या चेहऱ्यावर जे आलं ते आश्चर्य होतं, आणि ते खरं होतं. तिला खरंच माहीत नव्हतं. मग दोन्ही कप तसेच राहिले, आणि ह्वी सुआन पाच दिवस त्या दोन कपांकडे बघत राहिली. तिकडे प्रयोगशाळेत एक कडू कॉफी पिणारा माणूस होता, चाळीस वर्षं. त्याची आणि तिची ओळख कुणी करून दिली नव्हती.

हिरवी वही ती रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडत होती. तिला त्यातलं फारसं कळायचं नाही. तारखा, प्रवाहांचे आकडे, बाणांची चित्रं, मध्येच एखादं वाक्य. पण वाचायची सवय असलेली बाई. काही कळलं नाही तरी पानावर कुणाचं नाव किती वेळा येतं ते तिला कळतंच. नं. म्हणते आरसा हलला असेल. नं. बरोबर होती. नं. ला ताप, काम बंद. नं. ने नवं जुळवलं, माझ्यापेक्षा चांगलं. एकशे बारा पानांत त्रेसष्ट वेळा. ह्वी सुआनचं नाव एकदाही नाही, आणि ते असायचं काही कारणही नाही, हे तिला समजत होतं. समजत होतं म्हणून ती पुन्हा पहिल्या पानापासून बघायची.

"देऊन टाक ना ती वही," आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"तुला कळतं?"

"मला कळत नाही म्हणून तर चाळीस वर्षं मी त्यांच्या वह्यांना हात लावला नाही."

फोन तिने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केला. पलीकडून पंपांचा एकसुरी आवाज येत होता. "पहिला," नंदार म्हणाली. ह्वी सुआनने वाचला. दुसरा, तिसरा, चौथा वाचला. नंदार प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवायची आणि मग तिच्या पेनचा आवाज. "पाचवा, अमा." पान समोर होतं. पपांचा पाच, ज्याची टोपी, म्हणजे वरची आडवी रेघ, ते नेहमी शेवटी काढायचे, समोर होता. ह्वी सुआनची नजर त्या पाचावर होती आणि तोंडाने तिने भलताच आकडा सांगितला. खोटं बोलताना छातीत जे हलतं ते हललं नाही. उलट एक सराईत मोकळेपणा आला, जणू हे काम तिने पूर्वी कधी केलं होतं. सहावा तसाच मनाने सांगितला, सातवा सांगितला, चौदापर्यंत गेली, आवाज मुळीच न बदलता. "खूप उपकार झाले, अमा," नंदार म्हणाली, आणि ह्वी सुआन म्हणाली, "त्यात काय."

मग दहा दिवस काही नाही. त्या दहा दिवसांत ती चांगली झोपली, चांगली जेवली, आणि दुपारी काउंटरवर उभी असताना तिला एकाएकी दिसायचं, अंधाऱ्या खोलीत ती मुलगी नॉब फिरवतेय, पडद्याकडे बघतेय, पुन्हा फिरवतेय. पडद्यावर काय दिसत असेल हेही तिला माहीत होतं. ती कॉलेजात असताना पपांनी फिशबॉल नूडल्सच्या दुकानासमोर बसून तिला समजावलं होतं. रुबिडियमचे अणू घ्यायचे, आधी उजेडाने धरून त्यांचा वेग काढायचा, मग चुंबकाच्या वाटीत ठेवायचे आणि वाटीचा काठ हळूहळू खाली आणायचा. जे तापलेले आहेत ते उडून जातात, नूडल्सवरची वाफ जाते तसे. उरतात ते गार. असं करत करत शून्याच्या इतकं जवळ जायचं की त्याच्याखाली आता जागाच नाही. तोवर प्रत्येक अणूचं आपलं आपलं चाललेलं असतं. पण हे अणू बोसॉन जातीचे. एक अणू सगळ्यांत खालच्या अवस्थेत गेला की दुसऱ्याला तिथेच जावंसं वाटतं, दोन गेले की तिसऱ्याला आणखी, आणि मग एकदम सगळे. "सिंगापुरी आहेत," पपा हातातल्या नूडल्सच्या काडीने दुकानाकडे दाखवत म्हणाले होते. तिथे चाळीस माणसं उभी होती. "रांग दिसली की आधी उभं राहायचं, काय मिळतंय ते मागाहून विचारायचं." ती हसली होती. मग तिने विचारलं होतं, त्यातला पहिला कोण ते कसं ओळखायचं? पपा म्हणाले, नाही ओळखायचं. एकदा आत गेले की लाखभर मिळून एकच लाट होते. पहिला, शेवटचा, हा, तो, असं काही उरत नाही. आपल्याला कळत नाही असं नव्हे ग, तसं काही नसतंच. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की नूडल्स निवून गेले तरी चालतील. ह्वी सुआनला ती गोष्ट आवडली नव्हती. लाखभरांतल्या एकाला तरी ठाऊक असणार आपण आधी आलो होतो ते, असं तिला वाटलं होतं.

अकराव्या दिवशी निरोप आला. अमा, शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत याल का? तिने वही पिशवीत घातली. का घातली, हे तिला सांगता आलं नसतं.

बाहेर रस्त्यावरून वाफा येत होत्या, आणि दार उघडल्यावर आतली गार कोरडी हवा तोंडावर आली. एकतीस वर्षांनी ती या खोलीत येत होती. टेबलभर आरसे, भिंगं, मधोमध काचेची बोटभर कुपी, तिच्याभोवती तांब्याची वेटोळी. आणि सगळीकडून पंपांचा तो आवाज, थोड्या वेळाने जो ऐकू येईनासा होतो. नंदारच्या बाहीवर अजून ते कापड होतं. पिनेच्या जागी आता चार टाके होते.

"अमा, रागावणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर ठरवीन."

"पहिले चार आकडे बरोबर आहेत. पुढचे नाहीत."

ह्वी सुआनने पिशवी जवळ घेतली. नाकारावं असं तिच्या मनातही आलं नाही. "कशावरून?"

"ही वेटोळी जोडीजोडीने आहेत. जोडीतल्या दोघींना साधारण एकच प्रवाह लागतो, म्हणून खऱ्या यादीत तेच आकडे परत परत येतात. पाचव्यापासून पुढे तुम्ही सांगितले त्यांत एकही परत आला नाही." नंदार जमिनीकडे बघत होती. "मनाने आकडे लिहिणारा माणूस आधी लिहिलेला आकडा टाळतो, अमा. त्याला वाटतं, तोच पुन्हा लिहिला तर पकडले जाऊ. हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात."

"कोण शिकवतं?"

नंदारने कपाट उघडून एक जुनी वही काढली. पुठ्ठ्याला बुरशीचे डाग, वर सन १९९३. वही तिने त्याच दोन हातांच्या पद्धतीने पुढे केली आणि खुणेचं पान आपोआप उघडलं, शंभर वेळा उघडल्यासारखं. हवेतली आर्द्रता, शनिवार, दर अर्ध्या तासाला. आकडे गोल गोल, मुलीच्या अक्षरातले. अठ्ठावन्न. त्रेसष्ट. साठ. सत्तावन्न. चौसष्ट. एकोणसाठ.

तो शनिवार तिच्या अंगावर तसाच आला. अकरा वर्षांची ती, पपांबरोबर बसने इथे यायची. हवा कोरडी करणाऱ्या यंत्राची बादली भरली की ती मोरीत ओतायची आणि दर अर्ध्या तासाला तबकडी वाचून वहीत लिहायचं. हे तिचं काम होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं. तबकडी मांडणीच्या मागे होती, टॉर्च घेऊन रांगत जावं लागे, आणि एका शनिवारी तिथे पाल होती. म्हणून तिने स्टुलावर बसूनच आकडा लिहिला. काही झालं नाही. मग पुढचाही लिहिला. सात शनिवार तिने मनाने आकडे लिहिले, जरा कमी, जरा जास्त, खरे वाटावेत म्हणून विचार करकरून. आठव्या शनिवारी पपा चपला घालता घालता म्हणाले, "तू झोप आज, दमतेस," आणि एकटे गेले. त्याच्या पुढच्या शनिवारीही. त्या वर्षी त्यांच्याकडे पहिला विद्यार्थी आला होता, दाट चष्म्याचा, सारखा नाक ओढणारा. ह्वी सुआनला एकतीस वर्षं वाटत आलं होतं, त्याने तिची जागा घेतली. त्याच्यानंतर जो जो आला त्याच्याकडे ती त्याच नजरेने बघत आली होती. या मुलीपर्यंत.

"साया म्हणायचे, बघा, माझ्या मुलीने लिहिलेत, एकदम हुशार आकडे, एकही परत नाही. त्यापायी महिनाभर मी लेझरचा दोष शोधत होतो," नंदार सांगत होती. "आम्ही विचारायचो, मग तिला ओरडलात का? तर म्हणायचे, छे, दुसऱ्या दिवशी आपोआप नोंद करणारं यंत्र विकत आणलं. सगळे हसायचे." ती थांबली. "मीसुद्धा हसले होते, अमा."

"किती जणांना सांगितलं असेल?"

"सगळ्यांना. आम्ही एकोणीस जण."

एकोणीस. इतकी माणसं तिला ओळखत होती, ती स्वतः जिला विसरली होती त्या अकरा वर्षांच्या मुलीला. पपांनी ते सगळ्यांना सांगितलं आणि एकीला सांगितलं नाही. आणि हसून सांगितलं. या खोलीत ती चेष्टेचा, लाडाचा विषय होती, आणि घरी, जेवताना, तिच्यासमोर, पपा मान खाली घालून माशाचे काटे काढायचे. त्या हसण्याला जे हजर होते त्यांचा तिला मत्सर वाटला.

"तुला राग नाही आला?" ती म्हणाली. "दहा दिवस."

"आला!" नंदारचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दहा दिवस म्हणजे काय कमी आहेत? मला वाटलं मीच विसरले सगळं. साया गेले आणि माझे हातच गेले असं वाटलं. त्यात पास संपतोय. खूप राग आला."

"मग ते कापड काढ. तू त्यांची मुलगी नाहीस."

नंदारने बाहीकडे पाहिलं. "अंत्यविधीच्या त्या माणसाने विचारलं, मुलगी का? आमच्याकडे आईबाप आणि गुरू यांना एकाच ओळीत बसवून नमस्कार करतात. मी हो म्हटलं. खोटं बोलले?"

"हो."

"मग तुमच्यासारखीच झाले."

मग ह्वी सुआनच्या नाकातून एक आवाज निघाला, तो हसण्याचाही नव्हता. तिने पिशवीतून हिरवी वही काढली, नऊ एप्रिलचं पान उघडलं आणि पपांच्या फिरत्या खुर्चीत बसली, कारण दुसरी खुर्ची नव्हती. "पाचवा," ती म्हणाली आणि वाचला. सहावा वाचला; तो पाचव्यासारखाच होता. नंदार टेबलाच्या पलीकडे नॉब फिरवत होती, बोटाच्या टोकाने, केसभर, थांबून. दर अर्ध्या मिनिटाला कुठेतरी झडप पडायची आणि पडद्यावर नवं चित्र यायचं, एक सपाट, पसरट टेकडी. तो ढग त्या चित्रातच संपायचा. उजेड टाकून पाहिला की उरत नाही, पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. आठवा. नववा. टेकडी जराशी आवळल्यासारखी झाली. दहाव्याला तिच्या मधोमध एक टोक उठलं, अरुंद आणि उंच, टाचणीसारखं.

"साया, आला!" नंदार म्हणाली आणि गर्रकन खुर्चीकडे वळली.

खुर्चीत ह्वी सुआन होती. नंदारचं तोंड उघडं राहिलं. ह्वी सुआनला तो चेहरा पुरता दिसला, नुसत्या आनंदाचा, काही न झाकलेला. तो रोज तिच्या बापाला दिसत होता. आज चुकून तिला दिसला. मग नंदारने तोंडावर हात धरला आणि पाठ फिरवली. झडप पडत राहिली, टाचणी उगवत राहिली आणि जात राहिली.

बऱ्याच वेळाने नंदार नाक पुसत म्हणाली, "अजून चार आहेत. वही ठेवून जाल?"

"नाही. मी शनिवारी येत जाईन. मी वाचीन, तू फिरव."

"मी पाच मिनिटांत उतरवून घेईन, अमा."

"माहितीय मला."

नंदारने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "मग अंगावर काहीतरी आणत जा," ती म्हणाली. "इथे पारा विसाच्या वर जाऊ देत नाही आम्ही. आज तो घाला, दारामागे आहे."

दारामागच्या खुंटीला पपांचा राखाडी स्वेटर होता. ह्वी सुआनने कधी न पाहिलेला. दोन्ही कोपरं रफू केलेली होती, धागा किंचित वेगळ्या राखाडीचा, टाके बारीक. रफू कुणी केलं हे तिने विचारलं नाही. तिने तो घातला आणि भिंतीकडे तोंड करून गळ्याची पट्टी नाकाशी नेली. पपांच्या डोकेदुखीच्या तेलाचा वास होता, निलगिरीचा, तो तिने लगेच ओळखला. त्यातच नंदार गालांना लावते त्या उगाळलेल्या खोडाचा वास होता, थोडासा चंदनासारखा. त्याखाली कुणाच्या तरी मानेचा घाम. पपा आजारी पडल्यावर या मुलीने तो वापरला असणार, किंवा आधीपासूनच दोघं वापरत असतील, जो आधी येईल तो. ह्वी सुआनने पट्टीचा थोडा थोडा भाग पुढे ओढत पुन्हा हुंगला, डावीकडे, मानेमागे, फक्त तेलाची अशी एखादी जागा सापडते का ते शोधत. सापडली नाही. मागे नंदार नॉबावर बोट ठेवून अकराव्या आकड्यासाठी थांबली होती. घाई करत नव्हती, आणि तिचं ते घाई न करणं ह्वी सुआनला सहन होत नव्हतं.